शीव राखणाऱ्यांची शेती

शेतीवर सारा गाव जगतो, हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. खळ्यावर रास पडली की सुताराची, लोहाराची, कुंभाराची चूल पेटत असे. गुरांना कडबा मिळे, पेवे भरत. प्रश्न एवढाच आहे की, या 'साऱ्या गावात' गावकुसाबाहेरची वस्ती धरली होती काय? आणि धरली असेल, तर कोणत्या नात्याने?

जुन्या गावगाड्यात शिवेची राखण महाराकडे होती. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, तर त्याची साक्ष मोलाची मानली जाई. कोणाचा बांध कुठे आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे. त्याच्या वाट्याला जमीन नव्हती असेही नाही. हाडकी-हाडोळा होता. पण ती जमीन चाकरीच्या बदल्यात होती. तिच्या तुकड्यासाठी वसुलीचा पैसा कचेरीत पोचवायचा, सरकारी माणसांचे सामान वाहायचे, सांगावे घेऊन रात्री-अपरात्री धावायचे. पिढ्यागणिक तुकडे बारीक होत गेले. राबणूक मात्र साऱ्या घराण्याच्या मानेवर तशीच राहिली.

उरले बलुते. ते हक्काचे म्हणायचे, पण खळ्यावर हात पसरून घ्यायचे. ज्या दिवशी माणूस मान वर करी, त्या दिवशी ते बंद होई. १९२७ साली महाडच्या परिषदेनंतर अस्पृश्यांनी मेलेली गुरे ओढण्याचे नाकारले, तेव्हा गावोगाव बहिष्काराचे हत्यार उपसले गेले. माणुसकीची किंमत धान्यात वसूल झाली. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला. बलुत्यांचा कुणब्यावर पडणारा बोजा त्यांनी बारकाईने मांडला. पण बलुत्याने बांधल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने हा हिशेब मांडायला दुसरा माणूस यावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारण-क्षेत्रांवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून शेती सुधारणार नाही. औजारे-भांडवल अपुरे आणि माणसे मात्र जमिनीवर फार, हे खरे दुखणे आहे, असे त्यांनी दाखवले. पुढे १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनी जमिनीला चाकरीतून सोडवावे, पूर्ण सारा घेऊन ती रयतेच्या जमिनीसारखी करावी आणि बलुत्याऐवजी रोख मोबदला द्यावा, हा त्याचा रोख होता. विधेयक तडीस गेले नाही. पण धान्य दयेचे की हक्काचे, हा प्रश्न कायदेमंडळाच्या दारात उभा राहिला.

हा प्रश्न एका जातीचा नव्हता. कोकणात खोताच्या जाचाखाली कुणबीही पिचत होता. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी आणि महार एका मागणीसाठी चालले. गावात पाणवठा वेगळा असलेली माणसे जमिनीच्या प्रश्नावर एकत्र आली, हे आपल्या अभ्यासकांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. चाकरी सुटली, ही मोठीच गोष्ट. पण जमीन परत मिळण्यासाठी पैसा भरायचा होता. ज्याच्या घरी सांजेची भाकर नाही, त्याने तो आणायचा कोठून? म्हणूनच वतनाबरोबर भूमिहीनांचा प्रश्न संपला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची साधी मागणी होती. १९९१ साली सरकारने गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. सरकारी कागद ज्याला अतिक्रमण म्हणतो, ती अनेक घरांची पहिली पेरणी होती.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जमीनवाला आणि भूमिहीन एका रांगेत बसले. दोघांनी सुकडी खाल्ली, दोघांनी मिलोची भाकर गिळली. गावचे शिवार उजाड झाले की सगळेच उघडे पडतात, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण पाऊस पडला. जमीनवाला शेतावर परतला. भूमिहीनाला परतायला शेत नव्हते.

शेती साऱ्या गावाची आहे, हे म्हणणे आपल्याला मान्य आहे. मात्र त्याचा अर्थ बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सांगितला आहे: जमीन राज्याच्या मालकीची असावी, गावकऱ्यांना जातपात न पाहता ती कसायला मिळावी, त्यांनी ती सामुदायिक रीतीने कसावी, गावात ना जमीनदार उरावा, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. ही रीत आज कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. कसोटी मात्र टळणार नाही. गावाची शीव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांचा शिवेच्या आत बांध कुठे आहे? आपल्या गावापुरते याचे उत्तर सातबाऱ्यावर आहे. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी तलाठ्याच्या दप्तरात जाऊन ते एकदा वाचावे.