दहाची नोट, दहाचं नाणं

होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात गेलात तर सातपुड्यातल्या बायकांच्या गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा दिसतात. हल्ली त्यात नकली रुपयेही असतात म्हणा. पण मुद्दा असा की, नाणं चलनातून गेलं तरी चांदी उरते. नोटेच्या नशिबी तो मान नाही. (नवरदेवाच्या गळ्यातला नोटांचा हार असतो, पण तो संध्याकाळी सोडून मोजला जातो! रिझर्व्ह बँकेला तो हारही पसंत नाही.)

स्मारक नाणी आपल्याकडे १९६४ पासून, नेहरूंच्या नाण्यापासून निघताहेत. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं आलं. ते बाजारात फिरण्यासाठी नव्हतंच, संग्राहकांसाठी होतं. मग अशीच एखादी संग्राहकांची नोट का काढू नये, असं नाणी-नोटा जमवणाऱ्या कुणालाही वाटेल.

स्मारक नोटा आपल्याकडे निघाल्या आहेत. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीला. २, ५, १० आणि १०० रुपयांच्या त्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम. म्हणजे चित्र वर्ध्याचं आणि छपाई नाशिकरोडची, कारण तेव्हा देशात नोटा तिथेच छापल्या जात. त्याच वर्षी गांधीजींचं दहा रुपयांचं चांदीचं नाणंही निघालं. वजन १५ ग्रॅम, त्यात १२ ग्रॅम चांदी. माणूस तोच, निमित्त तेच, किंमतही तीच. ज्यांनी नाणं जपलं त्यांच्याकडे आज निदान चांदी तरी आहे. नोट मात्र लोकांनी बिनदिक्कत खर्च केली. तिने बाजारहाट केला, ती मळली, फाटली, बँकेत परत गेली.

आणि गंमत म्हणजे याच नोटा आज संग्राहक शोधतात! त्यातही भा. ना. अडारकरांची सही असलेल्या. अडारकर १९७० मध्ये जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते. या नोटा दुर्मीळ व्हाव्यात असं कुणी ठरवलं नव्हतं. कोरी नोट मुद्दाम पाकिटात घालून विकली असती तर प्रत्येकाने जपली असती, मग दुर्मीळ काय राहिलं?

खरी अडचण पुढेच आहे. नोट म्हणजे बँकेने दिलेलं वचन. ती परत आली नाही तर बँकेचा फायदाच, म्हणून कल्पना कागदावर छान दिसते. पण संग्राहकाला गरज पडली की तो ती वटवणार, आणि एक दिवस ती धडगावच्या आठवडे बाजारात मिरची विकणाऱ्या बाईच्या हातात येणार. कधी न पाहिलेली नोट खरी की खोटी, हे तिने कसं ठरवायचं? दहाच्या नाण्याचं काय झालं आठवा. वेगवेगळी चित्रं पाहून देशात ठिकठिकाणी लोक ते घेईनात. शेवटी १४ प्रकारची नाणी निघाली असून सगळीच चालतात, असं जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं. तोवर दुकानदार नाणं परत करून मोकळे होत होते. अडून बसायची ती बाई, कारण तिच्या दिवसभराच्या गल्ल्यात अशी चार-पाच नाणी म्हणजे परतीचं भाडं.

युरोपात यावर तोडगा निघाला आहे. २०१५ पासून तिथे पर्यटकांसाठी शून्य युरोची नोट मिळते. खऱ्या नोटेच्या कागदावर छापलेली, पण मोल शून्य. विकत घ्या, अल्बममध्ये लावा. दुकानात चालवायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे शून्य रुपयाची नोट २००७ मध्येच चेन्नईच्या एका संस्थेने काढली होती, पण ती लाच मागणाऱ्याच्या हातावर ठेवण्यासाठी! असो. सेवाग्रामच्या चित्राची शून्य रुपयाची नोट नाशिकरोडला छापणार असतील, तर नंदुरबारहून पहिली मागणी माझी.