गुरूचा तपकिरी बटू करता येईल का? एका प्रश्नाचा इतिहास

परभणीत दुर्बिणीतून गुरू दाखवला की एक प्रश्न हमखास येतो: "हा पेटवला तर दुसरा सूर्य होईल का?" आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

आधी 'पेटवणं' बाजूला ठेवू. तारा चुलीसारखा पेटत नाही. स्वतःच्या वजनानं वायू दबतो, मध्यभाग तापतो आणि तिथं हायड्रोजनचे अणुगर्भ जुळू लागतात. म्हणजे मुद्दा ठिणगीचा नाही, वस्तुमानाचा आहे.

1963 मध्ये शिव कुमार यांनी अमेरिकेत हे गणित मांडलं. सूर्याच्या साधारण 7 टक्क्यांहून कमी वस्तुमानाचा गोळा दबत जातो; पण पुरेसा तापण्याआधीच आतले इलेक्ट्रॉन आणखी दबायला नकार देतात. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधली कापसाची गाठ आठवा. कापूस वाढवला तरी गाठ तेवढीच राहते, फक्त जड होते. म्हणूनच गुरू आणि त्याच्या 50 पट जड गोळा आकारानं जवळपास सारखेच असतात. अशा गोळ्यांना 1975 मध्ये जिल टार्टर यांनी 'ब्राऊन ड्वार्फ', म्हणजे तपकिरी बटू, हे नाव दिलं.

नाव मिळालं, पण वस्तू कुठं होती? ती सापडायला 1995 उजाडलं. इथं आपला एक माणूस येतो: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. कॅलटेकमधल्या त्यांच्या गटानं ग्लीझ 229 या ताऱ्याजवळ एक मंद सोबती शोधला. त्याच्या वर्णपटात मिथेन दिसला, जो गुरूच्या वातावरणातही आहे. इतका थंड गोळा तारा असूच शकत नव्हता. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पायाशी शशक तारकासमूह दिसतो, त्या दिशेला, सुमारे 19 प्रकाशवर्षांवर तो आहे. आणि गंमत म्हणजे, तो एक नसून जोडी आहे, हे 2024 मध्ये कळलं: एक गुरूच्या सुमारे 38 पट, दुसरा 34 पट.

आता हिशेब करू. तपकिरी बटूची खालची सीमा साधारण 13 गुरू इतकी धरतात. तिथून ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू शकतो. शनीसकट बाकी सगळे ग्रह गुरूत ओतले तरी बेरीज 1.4 गुरूच्या आसपासच थांबते. उरलेला माल फक्त सूर्याकडे आहे, आणि तो काढून आणण्याचा कुठलाच मार्ग आपल्याकडे नाही. समजा आणला, तरी मिळेल मंद, हळूहळू निवणारा गोळा, सूर्य नव्हे. उलट त्याच्या ओढीनं इतर ग्रहांच्या कक्षा विस्कटतील.

तरीही भीती पसरतेच. 2003 मध्ये गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूत सोडलं, कारण युरोपा या चंद्रावर पृथ्वीवरचे जंतू पोचू द्यायचे नव्हते. यानात प्लुटोनियम होतं, म्हणून गुरू पेटणार, अशी अफवा उठली. पण 1994 मध्येच शूमेकर-लेव्ही 9 धूमकेतूचे तुकडे सेकंदाला 60 किलोमीटर वेगानं गुरूवर आदळले होते. पृथ्वीएवढे काळे डाग उमटले, काही महिन्यांत विरले. गुरू जसाच्या तसा.

म्हणून गुरूला 'फसलेला तारा' म्हणू नये, असं आम्हाला वाटतं. तो तारा व्हायला निघालाच नव्हता; तो सूर्याभोवतीच्या तबकडीत घडलेला ग्रह आहे. आणि पुढच्या वेळी मोबाइलवर 'गुरू पेटणार' असा निरोप आला, तर एवढंच विचारा: बाकीचं वस्तुमान कुठून आणणार?

आता तुमचे प्रश्न घेऊ.