विष्णुपुरीचा उन्हाळा : वणवा घरापर्यंत कसा येतो?

नांदेड जिल्ह्यात वणवा म्हटलं की किनवट-माहूरचं सागाचं जंगल डोळ्यांसमोर येतं. विष्णुपुरीत तसं जंगल नाही. एकीकडे गोदावरी आणि धरणाचं पाणी, दुसरीकडे शेतं, माळरान आणि विद्यापीठाचा मोठा परिसर. तरी घराशेजारी आग पोहोचू शकते. तिला वाळलेलं गवत पुरतं.

हवा

पावसाळा चांगला झाला की आपण निर्धास्त होतो. पण त्याच पावसाने गवत कमरेएवढं वाढतं आणि दिवाळीनंतर वाळू लागतं. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. गवताची काडी बारीक असते, त्यामुळे तासाभरात ती हवेसारखी कोरडी होते. सकाळी दवाने ओलसर असलेलं, काडी लावूनही न पेटणारं गवत दुपारी दोनला भडकन पेटतं. म्हणून बांध पेटवणारे 'सकाळी तर काही झालं नाही' म्हणतात, तेव्हा ते चुकतात.

वाऱ्याचं वेगळंच. वळवाच्या पावसाआधी वावटळ उठते, दिशा एकाएकी बदलते आणि शेताकडे चाललेली आग वस्तीकडे वळते.

चढ-उतार

आग चढावर पळते. ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ असतात, ते आधीच तापून सुकतं. ढोबळ हिशेब असा की चढ दहा अंशांनी वाढला की वेग जवळपास दुप्पट होतो. टेकाडाच्या माथ्यावरच्या घराला म्हणूनच धोका जास्त. कोरडा नालाही चुलीच्या धुराड्यासारखं काम करतो. दक्षिण-पश्चिमेकडचा उतार दुपारचं ऊन खातो, तो आधी वाळतो.

पण जोराचा वारा असला तर आग उताराकडेही धावते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांवरच्या लाहायना गावात हेच झालं. पूर्वीच्या उसाच्या पडीक रानात माजलेलं गवत, डोंगरावरून खाली येणारा वारा, आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. पडीक उसाचं रान आपल्याला काही परकं नाही.

गवत, झुडपं आणि घरामागची गंजी

कुसळी लवकर पेटते आणि लवकर विझते. वेडी बाभूळ, वाळलेला पालापाचोळा जास्त वेळ धुमसतो आणि ठिणग्या उडवतो. खरं नुकसान या ठिणग्या करतात. स्लॅबचं घर सहसा वाचतं. पण भिंतीला टेकवलेल्या तुराट्या, पऱ्हाट्या, कडब्याची गंजी, गोठ्याचं छप्पर पेटलं की आग खिडकीतून आत येते. निदान दीड मीटरपर्यंत भिंतीलगत जळण नको. त्यापुढे नऊ-दहा मीटर गवत कापलेलं असावं. झाडं तोडायची गरज नाही, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा.

कब्रस्तानाचं काय?

कुंपण असल्याने तिथे गुरं चरत नाहीत, गवत उभंच वाळतं. सध्या शब-ए-बारात जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या रात्री अगरबत्त्या, मेणबत्त्या पेटत्या ठेवून लोक घरी जातात, हे थांबायला हवं. हनफी फिक्हमध्ये कबरीवरचं हिरवं गवत उपटणं मकरूह मानतात, वाळलेलं काढायला हरकत नाही. तेव्हा कमिटीने ते विळ्याने कापून बाहेर न्यावं. साफसफाई म्हणून पेटवू नये. कुंपणाच्या आतून दोन-तीन मीटर पट्टा मोकळा ठेवला की शेजारच्या शेतातली आगही अडते.

आग दिसली तर अग्निशमनला १०१, एरवी ११२, वनहद्दीत १९२६ लावा. गॅस बंद करा, दारं-खिडक्या लावा, म्हातारी माणसं आणि मुलांना आधी बाहेर काढा, गुरांची दावी सोडा. टेकाडावर चढू नका. आगीच्या बाजूने निघून नांगरलेल्या काळ्या रानात किंवा रस्त्यावर या.