यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील ‘आम्ही’

शुभ शुक्रवारच्या उपासनेत वेदी उघडी असते. तिच्यावर ना वस्त्र, ना मेणबत्ती, ना फूल. धर्मगुरू वेदीपुढे दंडवत घालतात, सारे मंदिर क्षणभर निःशब्द होते आणि मग वाचक उठून यशया संदेष्ट्याचा उतारा वाचू लागतो. ज्याला पाहून लोकांनी तोंडे फिरवली, जो कोकरासारखा मुकाट वधाला गेला, दुसऱ्यांच्या अपराधांचा भार ज्याने स्वतःवर घेतला, अशा एका सेवकाची ती कथा. लहानपणी ती ऐकताना आम्हांस वाटे, की कालवारी टेकडीवर क्रुसाच्या पायथ्याशी उभे राहूनच कोणी हे लिहिले असावे. पुढे समजले, की हे काव्य प्रभू येशूच्या जन्माआधी पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. आणि ज्या लोकांनी ते रचले व जिवापाड जपले, त्या यहुद्यांनी त्याचा अर्थ बहुधा निराळाच लावला आहे.

आपण ज्याला त्रेपन्नावा अध्याय म्हणतो, त्याचा आरंभ खरे तर बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून होतो. बायबलची आजची अध्यायवार विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि येथे ती चुकीच्या जागी पडली आहे. उपासनेतील वाचन मात्र योग्य ठिकाणी सुरू होते. हे तीन वचनांचे प्रास्ताविक आम्ही का महत्त्वाचे मानतो, ते पुढे दिसेल.

इसवी सनापूर्वी ५८७च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवासात नेले. यशयाच्या ग्रंथाचे चाळिसाव्या अध्यायापासूनचे भाग या हद्दपारीच्या अखेरच्या वर्षांतील आहेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. कारण बाबेलची सत्ता उलथवणाऱ्या कोरेश राजाचे नावच तेथे येते. जर्मन पंडित बर्नहार्ड डूम यांनी १८९२ साली या भागातून ‘परमेश्वराच्या सेवकाची’ चार गीते वेगळी काढून दाखविली. आपले गीत त्यांतील चौथे. हा सेवक कोण, हे मात्र कवी येथे सांगत नाही. दुसऱ्या गीतात त्याला ‘इस्राएल’ म्हणून हाक मारलेली आहे. पण लगेच पुढे त्याच सेवकावर इस्राएलला परत आणण्याची कामगिरीही सोपविली आहे. तो एक राष्ट्र आहे की एक माणूस? सारा वाद येथूनच निघतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, गाझाच्या रस्त्याने रथातून चाललेला इथिओपियाचा एक अधिकारी हाच उतारा वाचत असतो. संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी, असे तो फिलिपला विचारतो. फिलिप त्याला येशूची सुवार्ता सांगतो. तेव्हापासून ख्रिस्तसभेचे उत्तर ठरलेले आहे आणि ते आमच्या श्रद्धेचे उत्तर आहे. परंतु त्या अधिकाऱ्याचा प्रश्न किती रास्त होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने केल्ससच्या टीकेला उत्तर देताना एक आठवण नमूद केली आहे. काही विद्वान यहुद्यांशी त्याचा या अध्यायावर वाद झाला होता. त्यांचे म्हणणे असे, की हा सेवक म्हणजे जगभर विखुरलेली, मार खाल्लेली सारी यहुदी प्रजा. ओरिजेनने विचारले, “प्रजेच्या पापांसाठी जो मरणाला गेला, तो प्रजाच कसा असेल?” युक्तिवाद बिनतोड होता, तरीही त्या वादाला निदान शिवीगाळीचे स्वरूप नव्हते. पुढच्या शतकांत हे राहिले नाही.

अकराव्या शतकात फ्रान्समधील त्र्वा या गावी रब्बी शलोमो यित्झाकी होऊन गेले (१०४०–११०५). यहुदी जग त्यांना ‘राशी’ या आद्याक्षरी नावाने ओळखते. आपल्या पंचांगातील राशींशी या नावाचा काही संबंध नाही. तरुणपणी ते माइंझ आणि वर्म्स या ऱ्हाइन नदीकाठच्या नगरांत शिकले. १०९६ साली, पहिल्या क्रुसेडच्या वेळी, अंगरख्यावर क्रूस शिवलेल्या टोळ्या याच नगरांवर चालून गेल्या. शेकडो यहुदी स्त्री-पुरुष, मुले त्यांनी कापून काढली. श्पायरच्या बिशपांनी बहुतेकांना वाचविले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. माइंझमध्ये आर्चबिशपांच्या वाड्यात आश्रय घेतलेलेही वाचले नाहीत. राशींच्या विद्येचे माहेरच त्या उन्हाळ्यात उद्ध्वस्त झाले.

या राशींचे भाष्य काय सांगते? सेवक म्हणजे इस्राएल, हे तर आलेच. परंतु त्यांनी आणखी एक प्रश्न सोडविला आहे : या अध्यायात बोलतो कोण? आम्ही त्याला तुच्छ लेखले, आम्हांला वाटले देवानेच त्याला मारले, असे म्हणणारे हे ‘आम्ही’ कोण? उत्तर त्या तीन वचनांच्या प्रास्ताविकात आहे. तेथे राष्ट्रे चकित होतात, राजांची तोंडे बंद होतात. राशी म्हणतात, बोलत आहेत ती इतर राष्ट्रेच. ज्याला छळले त्याचे खरे स्वरूप ध्यानात आल्यावर दिलेली ती त्यांची कबुली आहे. त्या काळच्या युरोपात ही राष्ट्रे म्हणजे ख्रिस्ती राष्ट्रे, हे वेगळे सांगावयास नको.

१२६३ साली बार्सिलोनात राजा जेम्स याच्यासमोर रब्बी नाख्मानिदेस यांना याच अध्यायावर वाद करावा लागला. प्रतिपक्षी होता धर्मांतर करून डोमिनिकन झालेला त्यांचाच एक जातभाई. पुढे १४९२ साली स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली आणि १४९७ साली पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला.

तेथून ही वाट आपल्या दाराशी येते. असाच बाप्तिस्मा झालेल्या घराण्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यास आले. आपल्याकडील औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेटही त्यांच्याकडे होते. १५६८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने यहुदी आचार पाळल्याबद्दल जाळले. आणि १५८० साली स्वतः गार्सियांची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. आपल्या पूर्वजांना ज्या सत्तेच्या छत्राखाली क्रूस मिळाला, त्याच छत्राखाली हे घडले. या अध्यायातील सेवकाला धड कबरही मानाची मिळाली नव्हती, हे आठवून आम्ही ही हकिकत वाचतो, तेव्हा ‘आम्ही’ हा शब्द घशात अडकतो.

१९४७ साली मृत समुद्राकाठच्या गुहेत यशयाची सुमारे सात मीटर लांबीची संपूर्ण गुंडाळी सापडली. ती येशूजन्माच्या शंभरएक वर्षे आधीची आहे. तिच्यात अकराव्या वचनात, यातनांनंतर सेवक ‘प्रकाश’ पाहील, असा शब्द आहे. रूढ हिब्रू संहितेतून तो गळला होता, जुन्या ग्रीक भाषांतराने मात्र राखला होता. ख्रिस्ती वाचकाला तेथे पुनरुत्थानाची पहाट दिसणे स्वाभाविक आहे. आम्हांलाही ती दिसते.

मात्र आपल्याला जे दिसते ते दुसऱ्याला दिसलेच पाहिजे, हा हट्ट ख्रिस्तसभेने हळूहळू सोडला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली, प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येणार नाही, असे जाहीर केले. २००१ साली पोपमहोदयांच्या बायबल आयोगाने तर यहुद्यांचे शास्त्रवाचन हेही एक संभवनीय वाचन आहे, असे ख्रिस्ती लोकांनी मान्य केले पाहिजे, असे म्हटले. श्रद्धा न सोडता शेजाऱ्याचा अर्थ ऐकून घेण्याची ही मुभा आहे.

त्याच शुभ शुक्रवारी, यशयाच्या वाचनानंतर थोड्या वेळाने, दहा विनंत्या होतात. त्यांतील एक यहुदी लोकांसाठी असते. कित्येक शतके तिच्यात त्यांना अविश्वासू म्हटले जाई, आणि इतर प्रार्थनांना गुडघे टेकणारे भाविक नेमक्या या प्रार्थनेला उभेच राहत. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी गुडघे टेकण्याची प्रथा येथेही पुन्हा आणली. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी तो शब्द काढून टाकला. आज त्यांचा उल्लेख देव ज्यांच्याशी सर्वांआधी बोलला ते लोक, असा होतो. आणि ‘गुडघे टेकू या’ अशी हाक आली, की आम्ही त्यांच्यासाठीही गुडघे टेकतो.