हातातली प्लेट किती भार पेलते? हाडाच्या प्लेटची चाचणी समजून घ्या



हा लेख मी मोबाईलवर फक्त डाव्या हाताने टाईप केलाय. जळगावहून धुळ्याला येताना पारोळ्याच्या पुढे पावसात बाईक घसरली आणि उजव्या पंजातलं एक हाड मोडलं. धुळ्यात ऑपरेशन झालं, टायटॅनियमची छोटी प्लेट बसली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बोटं आजपासून हलवायची, पण सहा आठवडे वजन उचलायचं नाही."

मला कोडंच पडलं. प्लेट पक्की आहे तर वजन का नको? पक्की नाही तर बोटं का हलवायची? याचं उत्तर प्लेटच्या चाचणीत सापडतं.

प्लेट कुठे बसते?

एका हातात २७ हाडं असतात. त्यातली ५ लांब हाडं मनगट आणि बोटं यांच्या मधे असतात. त्यांना मेटाकार्पल म्हणतात. इथे वापरतात ती प्लेट साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडीची, आणि स्क्रू २ मिलिमीटरच्या आसपास.

प्लेट सहसा हाताच्या पाठीकडून लावतात. मूठ आवळली की मोडलेलं हाड पाठीकडे कमानीसारखं वाकू पाहतं. म्हणजे पाठीकडची बाजू ताणली जाते आणि तळव्याकडची दाबली जाते. ताण प्लेट घेते, दाब हाडाची टोकं एकमेकांवर टेकून घेतात. तळव्याकडे हाडाचा चुरा होऊन फट राहिली, तर सगळा भार एकट्या प्लेटवर येतो.

चाचणी कशी करतात?

जळगावात इंजिनिअरिंग करणारा माझा मित्र म्हणाला, "काय भो, आमच्या लॅबमध्ये सळई वाकवतो ना, तसंच!" खरंच, मशिन त्याच जातीचं असतं: युनिव्हर्सल टेस्टिंग मशिन.

१. नमुना: दान केलेल्या देहातलं किंवा कृत्रिम हाड घेतात, ते कापून फ्रॅक्चर तयार करतात आणि त्यावर प्लेट बसवतात. कृत्रिम हाडं एकसारखी असल्याने तुलना सोपी जाते.

२. वाकवणं: हाड खाली दोन आधारांवर ठेवून वरून दोन ठिकाणी दाबतात. यामुळे मधल्या भागात सगळीकडे सारखाच वाक येतो. नुसती प्लेट तपासायच्या एएसटीएम एफ ३८२ या मानकातही हीच चार बिंदूंची पद्धत आहे.

३. आलेख: भार वाढला की वाक किती वाढला, हे कॉम्प्युटर नोंदवतो. रेघ जितकी उभी, तितकी जोडणी ताठ. रेघ कलंडायला लागली की प्लेट कायमची वाकू लागली, स्क्रू सैल झाला किंवा हाड तडकलं असं समजायचं.

४. पुन्हा पुन्हा भार: शेवटी कमी भार हजारो वेळा देतात. बांधणीची तार एका झटक्यात तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते. धातूही असाच थकतो.

मग जाड प्लेट का नको?

पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १ मिलिमीटरऐवजी १.५ मिलिमीटर जाडी घेतली, तर ताठपणा जवळपास ३.४ पट होतो. पण हाताच्या पाठीवर कातडीखाली लगेच बोटं उघडणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन असतात. जाड प्लेटवर त्या घासतात. स्टील टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट ताठ असतं, तर टायटॅनियम त्यामानाने हाडाच्या जवळ जातं. म्हणून डॉक्टरांना निवड करताना दोन्हीकडचा तोल सांभाळावा लागतो.

मोबाईल धरला तर किती जोर पडतो?

वजनकाट्यावर दिसतं त्यापेक्षा हाताच्या आत जोर खूप जास्त असतो. १९७७ मध्ये कूनी आणि चाओ या संशोधकांनी अंगठ्याचा हिशोब मांडला. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी सांध्यावर सरासरी १२ किलोचा दाब येतो. कारण स्नायू हाडाच्या अगदी जवळून ओढतात. बोट नुसतं हलवणं आणि भरलेली बादली उचलणं यात किती फरक असेल, ते यावरून लक्षात येईल.

लॅबमध्ये काय दिसत नाही?

लॅबमधलं हाड जुळत नाही, आपलं जुळतं. नवं हाड तयार होतं तसा ते भार वाटून घेतं आणि प्लेटवरचा ताण कमी होतो. म्हणजे ही शर्यत आहे: आधी हाड जुळतं की आधी प्लेट थकते?

माझं कोडं इथे सुटलं. बोटं हलवली नाहीत तर टेंडन चिकटतात, बोटं आखडतात. तेवढा हलका भार पेलण्यासाठीच प्लेट बसवलेली असते. पण हाड जुळण्याआधी रोज वजन उचललं, तर तारेसारखी तीही हरू शकते.

प्रत्येकाचं फ्रॅक्चर वेगळं असतं, त्यामुळे माझे सहा आठवडे तुम्हाला लागू होतीलच असं नाही. डॉक्टरांना दोनच प्रश्न नक्की विचारा: "बोटं किती हलवू?" आणि "वजन कधीपासून उचलू?"