पोते, तागडी आणि उधारीची वही

आपल्या आगमनाचा इतिहास सांगायला बसलो की आपण बहुधा बोटीपासून सुरुवात करतो. मग बॅरिस्टर होण्यासाठी आलेले विद्यार्थी, 1932 साली लंडनमध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ, 1948 नंतर इथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत रुजू झालेले डॉक्टर, असा क्रम लागतो. ही सारी माणसे रोज काय जेवत होती आणि तो शिधा कोणाकडून आणत होती, हे मात्र आपण क्वचितच लिहितो. शताब्दीच्या या स्मरणिकेत त्या वाणसामानाचा आणि ते विकणाऱ्या लहान दुकानदारांचा हिशेब मांडावा असे आम्हांला वाटले.

महायुद्धापूर्वी भारतीय किराणा मिळण्याची ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी होती. 1930 च्या दशकात लंडनमध्ये ‘बॉम्बे एम्पोरियम’ मसाले आणि डाळी आयात करू लागले होते. पूर्व लंडनच्या ब्रिक लेन भागात 1936 साली ‘ताज स्टोअर्स’ सुरू झाले, ते सिल्हेटकडच्या खलाशी वस्तीच्या आधाराने. पण लंडनबाहेर राहणाऱ्याला त्यांचा रोज काय उपयोग? तिथे कोपऱ्यावरचा इंग्रज वाणी हाच आधार. त्याच्याकडे पुडिंगसाठीचा आखूड तांदूळ असे, तो आपला भात झाला. सूपसाठी विकले जाणारे पिवळे सोललेले वाटाणे वरणाला आणि वेळप्रसंगी पुरणालाही चालवून घेतले. सेमोलिना म्हणजे रवाच. केकसाठीचा सुका खोबऱ्याचा कीस वाटणात गेला आणि गुळाची जागा काळसर साखरेने घेतली. ऑलिव्ह तेल तर औषधाच्या दुकानात, कानात घालायच्या बाटलीतून मिळे.

युद्धकाळात या वाण्याशी संबंध आणखी घट्ट झाला. 8 जानेवारी 1940 रोजी रेशनिंग सुरू झाले आणि ते 4 जुलै 1954 पर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे, चालले. प्रत्येकाला आपले नाव ठरावीक दुकानदाराकडे नोंदवावे लागे. मांसाहार न करणाऱ्याला मांसाचा वाटा सोडून त्याऐवजी जादा चीज घेता येई. शाकाहारी मराठी विद्यार्थ्याला ही सवलत मोठीच होती. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि इथला तांदूळ दुर्मिळ झाला. भातावर वाढलेल्या कोकणी माणसाला बटाटा आणि पाव यांच्यावर दिवस काढावे लागले.

युद्धानंतर चित्र बदलू लागले. लंडनच्या यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय दुकाने उभी राहिली. केनियाहून आलेल्या लक्ष्मीशंकर पाठक यांचा ‘पटाक्स’ हा व्यवसाय 1950 च्या दशकातला. ‘टीआरएस’ हे आज घरोघरी दिसणारे नाव 1959 सालचे. स्थानक जवळ असल्याने गावोगावचे लोक आगगाडीने येऊन सामान नेऊ शकत. मात्र प्रवासाचे भाडे धरले तर दोन पौंड डाळीसाठी येणे परवडत नसे. म्हणून पोतेच घ्यायचे आणि ते वाटून घ्यायचे, ही पद्धत पडली.

त्या काळी इंग्रजी मापात अर्धा हंड्रेडवेट म्हणजे 56 पौंड. चार कुटुंबांत वाटले की प्रत्येकाला 14 पौंड, म्हणजे बरोबर एक स्टोन. इथे माणसाचे वजनही स्टोनमध्येच मोजतात, त्यामुळे न्हाणीघरातला वजनकाटा धान्य वाटायला सोयीचा पडे. पण त्यासाठी चार कुटुंबे एकमेकांना ठाऊक असायला हवीत, कोणाच्या तरी घरी जमायला हवीत, पैसे कोणी आगाऊ भरायचे हे ठरायला हवे. धान्य वाटायला जमलेली माणसे चहाला थांबत आणि मग पुढच्या सणाचे बोलणे निघे. मंडळांच्या घटना आणि ठराव पुढे आले. एकमेकांवर विश्वास टाकायची सवय आधी पोत्याभोवती लागली, असे आम्ही मानतो.

पुढचा मोठा बदल पूर्व आफ्रिकेतून आला. 1960 च्या दशकाअखेरीस केनियातून आणि 1972 साली इदी अमीनच्या हुकुमानंतर युगांडातून गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये आली. एकट्या युगांडातून आलेल्यांची संख्या सुमारे 28,000 होती. वेम्बलीचा ईलिंग रोड आणि लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड त्यांच्या दुकानांनी गजबजले. आपली भाकरी या देशात खऱ्या अर्थाने रुळली ती या दुकानांमुळे. बाजरीचे पीठ, ज्वारीचे पीठ, पोहे, साबुदाणा, ओली कोकमे हे सारे एका छताखाली मिळू लागले. तूरडाळ मलावीहून येई आणि बरेचदा तेल लावलेली असे. गुजराती घरात ती नेहमीची, आपल्याकडे मात्र गरम पाण्याने दोनदा धुऊन मगच कुकरमध्ये जाई. गोडा मसाला तेवढा मिळत नसे. तो घरी भाजावा लागे, नाहीतर भारतातून येणाऱ्या मावशीच्या बॅगेतून यावा लागे.

ही दुकाने कशी चालत हेही सांगायला हवे. घरातली सगळी माणसे राबत, माल घाऊक बाजारातून भल्या पहाटे येई, रविवारीही दार उघडे असे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वहीत नाव लिहून उधार मिळे. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची यादी दिली की तांदूळ, रवा, साखर यांची पोती आधी येत आणि पैसे वर्गणी जमल्यावर जात. सगळे गोडच होते असे नव्हे. भाव काही वेळा चढे असत, रव्यात किडे निघत, जुना मालही माथी मारला जाई. पण तक्रार करायला समोर ओळखीचा माणूस असे आणि बहुतेक वेळा पुडा बदलून मिळे.

1994 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास व्यवहाराची मुभा मिळाली आणि लहान दुकानांचा हक्काचा दिवस हातचा गेला. पुढे सुपरमार्केटांनी दहा किलोच्या बासमतीच्या आणि आट्याच्या पिशव्या स्वस्तात लावल्या. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा ऐन हंगामात हापूसच्या पेट्या थांबल्या. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली. ज्यांचा मे महिना पेट्यांवर चाले त्या दुकानदारांचे झालेले नुकसान मात्र भरून आले नाही.

आज आपण तांदूळ सुपरमार्केटमधून आणतो आणि अळूची पाने तेवढी कोपऱ्यावरच्या दुकानातून. त्या दुकानदाराचा नफा मात्र तांदळाच्या पोत्यावर उभा असतो. पोते दुसरीकडून घेतले तर अळू फार दिवस मिळणार नाही, हा सरळ हिशेब आहे. आमचे म्हणणे उपकाराचे नाही. जे दुकान टिकावे असे वाटते, तिथून महिन्याचे निदान एक पोते घ्यावे. दोन घरांत वाटून घेतले तर पूर्वीपेक्षा जड जाणार नाही.

दुसरी विनंती कागदपत्रांची. जुनी बिले, दुकानांच्या नावांच्या पिशव्या, पाट्यांची छायाचित्रे, महाप्रसादाच्या याद्या घरात असतील तर त्या संस्थेच्या संग्रहात द्याव्यात. ज्या दुकानदारांनी आता व्यवसाय आवरला आहे त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे काम याच वर्षी सुरू व्हावे. त्यांतले बरेचजण आता ऐंशीच्या पुढे आहेत.