शिवणीतली माया

कापड बेतताना मापाच्या रेषेबाहेर जे जादा कापड ठेवले जाते, त्याला शिवणकामाच्या मराठीत ‘माया’ म्हणतात. शिवण पूर्ण झाली की ही माया आतल्या बाजूला दडते आणि बाहेरून तिचा मागमूसही लागत नाही. तरीही कपड्याचे आयुष्य पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते, कारण अंग भरले तर जुनी टीप उसवून याच कापडातून कपडा सैल करता येतो, आणि अंग उतरले तर थोडी आत नवी टीप घालून उरलेले कापड मायेत जमा करून ठेवता येते. वजन कमी होत असताना, म्हणजे शरीर एका मापावर अजून स्थिरावलेले नसताना, अंगाला बसेल असा कपडा कसा मिळवायचा हा प्रश्न तयार कपड्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला आजच्या काळाचा वाटतो. वास्तविक अंग बदलणे ही वस्त्राइतकीच जुनी गोष्ट आहे. गर्भारपण, बाळंतपण, दीर्घ आजार, दुष्काळ आणि उतारवय यांनी शरीरे नेहमीच वाढली आणि वाळली. नवीन आहे ती एवढीच गोष्ट, की पूर्वी या बदलाची तरतूद वस्त्रात केलेली असे आणि गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ती हळूहळू काढून टाकली गेली.

महाराष्ट्राच्या जुन्या पेहरावात ही तरतूद मुळातच होती. नऊवारी लुगडे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे अखंड वस्त्र, कासोटा आणि निऱ्या यांच्या आधारे नेसले जाते. कंबर दोन-चार इंचांनी कमी झाली तर निऱ्यांची रुंदी किंवा संख्या थोडी बदलते, बाकी काही बदलत नाही. पुरुषांच्या धोतराचेही तसेच. शिवलेल्या वस्त्रांतही हीच दृष्टी दिसते. बाराबंदी हा नावाप्रमाणे बारा बंदांचा, म्हणजे बांधायच्या नाड्यांच्या सहा जोड्यांचा अंगरखा असून त्याची एक बाजू दुसरीवर येते, आणि किती यावी हे बांधणाऱ्याच्या छातीवर ठरते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात, त्यामुळे हा पोशाख प्रत्यक्ष पाहता येतो. स्त्रियांची चोळी पुढे गाठ मारून बांधली जाई. तिला बटण नव्हते, त्यामुळे ठरावीक घेरही नव्हता, आणि गर्भारपणात व बाळंतपणानंतर तीच चोळी गाठ सैल करून घालता येई. परकराच्या आणि लेंग्याच्या नेफ्यात, म्हणजे कमरेशी दुमडून शिवलेल्या पोकळ पट्टीत, ओवलेली नाडी हेही त्याच समजेचे साधन होते.

या समजेचा सर्वांत बोलका पुरावा शिवणकामात सापडत नाही, तो देण्याघेण्याच्या रीतीत सापडतो. मराठी घरात आहेर म्हणून लुगडे, धोतर, उपरणे दिले गेले, ओटीत नारळाबरोबर खण पडला, आणि पुढे शर्टपीस, पँटपीस, ब्लाउजपीस हे शब्द रूढ झाले तेव्हाही रीत तीच राहिली. न शिवलेल्या कापडाला माप नसते, म्हणून ते घेणाऱ्याच्या अंगाविषयी काहीच बोलत नाही. ज्या दिवशी ते शिवले जाईल, त्या दिवशीचे अंग त्याला चालते. ज्या समाजात वस्त्र ही दिली-घेतली जाणारी आणि कपाटात वर्षानुवर्षे जपली जाणारी वस्तू होती, त्या समाजाने मापाचा निर्णय शक्य तितका पुढे ढकलावा यात मोठे शहाणपण आहे, आणि कपड्यांच्या इतिहासात त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

कापडाला माप देण्याचे काम शिंप्याचे. संत नामदेवांच्या कुळाचा हा व्यवसाय, आणि गावगाड्याच्या अलुतेदारांच्या काही याद्यांत, म्हणजे गावाची सेवा करून मोबदला घेणाऱ्या दुय्यम कारागिरांत, शिंप्याची नोंद आढळते. आकडे छापलेली फीत येण्यापूर्वी युरोपातले शिंपी कागदाच्या किंवा कापडाच्या लांब पट्टीवर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी खुणा करत, आणि त्या पट्टीवर त्या एकाच माणसाचे शरीर नोंदलेले असे. इंचांची फीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली आणि तिच्यामुळे वेगवेगळ्या माणसांची मापे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागली. महाराष्ट्रात मात्र फितीबरोबरच एक जुनी पद्धत आजतागायत टिकून आहे: शिवायला टाकताना नव्या कापडासोबत नीट बसणारे जुने पोलके ‘मापाचे’ म्हणून द्यायचे. ही पद्धत विश्वासाची आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. मापाचे पोलके मागच्या वर्षीच्या अंगाची साक्ष देते. अंग झपाट्याने उतरत असेल तर ती साक्ष चुकते, आणि नव्याकोऱ्या कापडावर जुनेच शरीर शिवले जाते. म्हणून जाणता शिंपी अशा वेळी मापाचे पोलके बाजूला ठेवून फीत हातात घेतो.

गाठीच्या चोळीची जागा हुकांच्या पोलक्याने घेतली, हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दूरचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी समाजात साडीबरोबर बेतलेला झंपर वापरला जात होता. सत्येंद्रनाथ टागोर सनदी अधिकारी म्हणून मुंबई इलाख्यात असताना त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी ती पद्धत पाहिली, आपल्याशी जुळवून घेतली आणि बंगालमध्ये नेली, जिथे साडी नेसण्याच्या त्या रीतीला मुंबईचेच नाव पडले. हूक आले तसा घेर ठरला. ठरलेला घेर आणि बदलणारे अंग यांचा मेळ घालण्यासाठी शिंप्यांनी जी युक्ती काढली, ती या व्यवसायातील उत्तम बुद्धीचा नमुना मानली पाहिजे: पोलक्याच्या दोन्ही कुशींत एकच टीप न मारता पाव-पाव इंचाच्या अंतराने दोन किंवा तीन समांतर टिपा मारायच्या आणि त्यांच्या बाहेर पुन्हा इंचभर माया सोडायची. घट्ट झाले की सर्वांत आतली टीप उसवायची, सैल झाले की आणखी आत एक घालायची. हे काम सुई-दोरा धरता येणारी कोणतीही स्त्री घरी करू शकते, त्याला शिंप्याचीही गरज नाही. मुलांच्या कपड्यांत याच तत्त्वाची दुसरी बाजू दिसते. जूनमध्ये शाळेचा गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ शिवायचा, फ्रॉकच्या घेरात आडव्या चुण्या घालून ठेवायच्या आणि दरवर्षी एकेक सोडायची.

वजन हेतुपूर्वक उतरवण्याचा आधुनिक इतिहास आणि तयार कपड्यांचा इतिहास एकाच वर्षात शेजारी येतात, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. १८६३ साली लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यविधीच्या सामानाच्या व्यावसायिकाने स्थूलतेविषयी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. साखर आणि पिष्टमय पदार्थ टाळून त्याचे वजन वर्षभरात २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आले होते, आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी घटला होता. हा दुसरा आकडा त्याने शिंप्याच्या परिभाषेत म्हणून मुद्दाम दिला आहे. आणि मित्रांना, खुद्द डॉक्टरलाही, हा फरक खरा वाटला तो बँटिंगने नव्या कपड्यांवरून आपले जुने कपडे चढवून दाखवले तेव्हाच. शरीराच्या बदलाचा पुरावा वजनकाट्यापेक्षा कपडा अधिक खात्रीने देतो, हे यातून दिसते. बँटिंगला प्रत्येक टप्प्यावर शिंपी उपलब्ध होता. त्याच १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक याने कागदी बेत, म्हणजे कापडावर ठेवून ज्यांच्या कडेने कापायचे ते नमुने, वेगवेगळ्या मापांच्या श्रेणीत विकायला काढले, आणि एका माणसाच्या शरीराऐवजी आकड्यासाठी कापड बेतण्याची वाट मोकळी झाली.

या वाटेची तयारी आधीच झाली होती. एलियास हाऊ याला शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये मिळाले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात लाखो सैनिकांना गणवेश पुरवताना मापांच्या ठरावीक श्रेणी वापरल्या गेल्या. स्त्रियांच्या कपड्यांसाठी असा शास्त्रीय प्रयत्न पुष्कळ उशिरा झाला. अमेरिकेच्या शेती खात्यासाठी रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५० हून अधिक मापे घेतली, परंतु निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली. त्या कामाच्या आधारे १९५८ मध्ये तेथे मापांचे अधिकृत प्रमाण जाहीर झाले, १९७० मध्ये ते सुधारले गेले आणि १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक उत्पादक आपापले आकडे ठरवू लागला, आणि गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून त्याच आकड्याखाली अधिक सैल कपडा विकण्याची प्रथा बोकाळली. १९५८ च्या प्रमाणात ८ क्रमांकाच्या पोशाखाला छाती ३१ इंच होती. आज त्याच क्रमांकाचा पोशाख त्याहून कितीतरी मोठा असतो. वजन उतरवणाऱ्या माणसाला अशा आकड्यातून आपल्या शरीराविषयी काहीही खरे कळत नाही, आणि तरीही त्या आकड्यावर त्याचा आनंद किंवा खेद टांगलेला राहतो, ही या व्यवस्थेने केलेली मोठी हानी आहे. भारतात बहुतेक सदऱ्यांवर ३८, ४०, ४२ असे छातीच्या इंचांशी निगडित आकडे छापले जातात, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. मात्र भारतीय शरीरांचे स्वतःचे मापप्रमाण बराच काळ नव्हतेच, आणि त्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५ हजार व्यक्तींची मोजणी आखली.

तयार कपड्याने माप ठरवले एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर शिंप्याच्या हाताने ती सावरता आली असती. खरा घाव ओव्हरलॉक यंत्राने घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मेरो कंपनीने विकसित केलेल्या या यंत्रात कापडाची कड गुंफतानाच चालणारी सुरी असते. ती शिवणीबाहेरचे जादा कापड छाटून टाकते. कड उसवत नाही, काम वेगाने होते आणि कापडही वाचते, म्हणून कारखान्यांना हे यंत्र वरदान वाटले. परंतु त्या सुरीखाली जी पट्टी गळून पडते, तीच माया असते. लाखो कपड्यांमागे पाव-अर्धा इंच वाचवण्याच्या हिशेबात कपड्याची सैल होण्याची शक्ती कायमची गेली. जीन्सची गोष्ट वेगळी असली तरी निष्पत्ती तीच आहे; तिच्या शिवणीत दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दुहेरी टीप मारलेली असते आणि कमरपट्टा सलग असतो, त्यामुळे ती मजबूत होते, पण कमी-जास्त करायला अवघड जाते. याउलट शिंप्याने शिवलेल्या पुरुषांच्या पँटचा कमरपट्टा मागे मधोमध दोन तुकड्यांत जोडलेला असतो आणि मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना भरपूर माया असते, त्यामुळे कंबर दोन-तीन इंचांनी आत-बाहेर करणे हे अर्ध्या तासाचे काम ठरते. पुढे इलॅस्टिक आणि १९५८ मध्ये शोधलेला स्पँडेक्स हा ताणला जाणारा धागा यांनी उणीव काही अंशी भरून काढली. तथापि ताणलेला धागा अंगावर दाब देतो आणि कालांतराने थकतो, मायेचे तसे होत नाही.

उतरत्या अंगाचा कपडा लहान आकड्याचा घेतला की काम भागते, ही समजूत शिवणकामाच्या कसोटीवर टिकत नाही. वजन घटते तेव्हा शरीर सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. खांद्यांची रुंदी, बाहीची लांबी आणि पाठीची उंची हाडांवर अवलंबून असल्याने जवळजवळ तशीच राहते, आणि पोट, कंबर, दंड व मांड्या यांत फरक पडतो. कारखान्यातली मापश्रेणी मात्र घेर कमी करताना खांदा आणि लांबीही कमी करते, त्यामुळे लहान आकड्याचा सदरा पोटावर बसला तरी खांद्यात ओढतो. म्हणून शिंपी म्हणतात की खांदा बघून कपडा घ्यावा. कुशीची शिवण, बाहीची रुंदी आणि कंबर नंतर आत घेता येते, पण खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडली जाते ती गोलाई, बदलायची तर जवळजवळ सगळा सदरा उसवावा लागतो. आत घेण्यालाही मर्यादा आहे. दोन मापांपलीकडे घेर कमी केला की खिसे मागे सरकतात आणि रेषा बिघडतात, आणि तेव्हा मात्र नवा कपडा घेणेच योग्य.

शिवणकामाचे हे ज्ञान महाराष्ट्रात नष्ट झालेले नाही, याचे श्रेय दोन परंपरांना द्यावे लागेल. पहिली परंपरा स्त्रियांच्या शिवणवर्गांची. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हा स्त्रियांच्या शिक्षणाचा आणि स्वावलंबनाचा भाग केला, आणि पुढे गावोगाव निघालेल्या शिवणक्लासांतून मायेचा हिशेब घराघरांत पोहोचला. दुसरी परंपरा बाजारपेठेच्या कडेला, तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या जिन्याखाली किंवा पायरीवर एक यंत्र मांडून ‘अल्टर करून मिळेल’ अशी पाटी लावणाऱ्या कारागिराची आहे. शिंपीकामाच्या प्रतिष्ठेच्या उतरंडीत त्याला खालची पायरी मिळाली, हा अन्याय आहे. कारण दुसऱ्याने बेतलेला कपडा तिसऱ्याच्या अंगावर बसवणे हे नवे कापड बेतण्याहून सोपे नाही. अंग उतरत असलेल्या वाचकाने कपडा विकत घेण्यापूर्वी तो दुकानातच उलटा करून कुशीची आणि मागची शिवण पाहावी, जिथे बोटभर तरी माया आहे तोच घ्यावा, आणि शिवण आत घेणाऱ्या कारागिराला उरलेले कापड न कापता तसेच ठेवायला सांगावे.